साठवलं किती, त्यापेक्षा दरमहा येणार किती?

म्हातारपणाच्या तरतुदीचा विषय निघाला की ‘गाठीला किती आहे?’ असं आपण विचारतो. त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत: दरमहा हाती किती येणार, किती वर्षं येणार आणि कुणाच्या नावावर येणार? निवृत्तीची एकरकमी पुंजी मुलीचं लग्न, मुलाचा फ्लॅट, गावचं घर यांत बघता बघता संपते. मग दर महिन्याचं वाणसामान आणि औषधं यांसाठी मुलांपुढे हात पसरावा लागतो.

राज्य सरकारी नोकरांत १ नोव्हेंबर २००५ ही तारीख पाठ नसलेला माणूस विरळा. त्याआधी लागलेल्यांना महागाई भत्त्यासह जुनी पेन्शन मिळते. नंतर लागलेल्यांची भिस्त अंशदानावर आणि बाजारावर आली. मार्च २०२३ च्या संपामागे हीच धास्ती होती. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर मूळ पगाराच्या सरासरीच्या निम्म्या पेन्शनची हमी दिली, ती या असंतोषानंतरच.

खासगी नोकरदाराला पीएफचा आधार वाटतो, पण १९९५ च्या पेन्शन योजनेचं गणित त्यानं एकदा मांडून पाहावं. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. २०१४ पासूनची १५,००० रुपयांची मर्यादा धरली तर ३५ वर्षांना महिन्याला ७,५०० रुपये. किमान पेन्शन तर १,००० रुपयेच. म्हणून पीएफची रक्कम नोकरी बदलताना काढू नये. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. पण महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणून थोडी रक्कम म्युच्युअल फंडासारख्या वाढत्या गुंतवणुकीत राहू द्यावी.

शेतकऱ्याची पुंजी सातबाऱ्यावर असते. भावकीच्या किंवा मुलांच्या आग्रहाखातर हयातीतच सगळी जमीन नावावरून उतरवू नये. बक्षीसपत्र करायचंच तर सांभाळाची अट त्यात लिहून घ्यावी. अशी अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते रद्द करून घेता येतं.

घरच्या बाईकडे आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. नवऱ्यामागे तिला किती मिळणार, कोणत्या बँकेत काय आहे, हे तिला आजच ठाऊक हवं. नुसतं नॉमिनेशन केलं म्हणून मालकी मिळत नाही, म्हणून मृत्युपत्रही करावं. निराधार विधवेला संजय गांधी योजनेचे १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असावं लागतं. इतक्या तुटपुंज्या उत्पन्नाची अट घालून आपण कित्येक गरजू बायकांना दारातूनच परत पाठवतो.

असंघटित कामगारांसाठी २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर ५,००० रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी महिना २१० रुपये पुरतात. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर तोच हप्ता १,४५४ होतो. पुढे जोडीदारालाही तेवढीच पेन्शन मिळते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी चाळिशीच्या आतल्या असतील, तर हे खातं उघडायला त्यांच्यासोबत बँकेत जावं आणि हप्त्याचा वाटा आपण उचलावा. दिवाळीच्या बोनसइतकाच त्यावर त्यांचा हक्क आहे.