जाड भिंतींच्या वाड्यात वायफाय

जुन्या दगडी वाड्यात ग्रामपंचायतीचे कार्यालय असले, की दर्शनी दालनातील वायफाय मागील खोलीतल्या सेवा केंद्रास पुरत नाही. आणि पीक विम्याच्या अर्जासाठी आलेला शेतकरी मुदतीच्या दिवशीच तिष्ठत राहतो. दीड-दोन हात जाडीची भिंत, विशेषतः ओल धरलेली, या लहरी शोषून घेते. लोखंडी कपाटे त्या अडवितात. म्हणून राउटर कपाटामागून काढून उंचावर, दाराच्या रेषेत ठेवावा. ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून अधिक पार जाते; वेग मात्र कमी मिळतो. मागील खोलीत नुसता रिपीटर बसविणे हा व्यर्थ खर्च होय. लहरच क्षीण, तेथे तो पुढे देणार काय? त्यापेक्षा चौकटीच्या कडेने इथरनेटची तार न्यावी (ती १०० मीटरपर्यंत चालते) व टोकास दुसरा ॲक्सेस पॉइंट जोडावा. त्याकरिता भिंत फोडावी लागत नाही.