शोधण्याची मजुरी

आमच्या 9 वर्षांच्या गाडीतला पुढचा डावा स्पीकर मुका झाला हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. ती कायम त्याच दाराशी बसते. "गाणं एकाच अंगानं येतंय गं," ती म्हणाली. गाडी जिथे दाखवली तिथल्या माणसाने दाराला हातही न लावता सांगून टाकलं, "स्पीकर गेला. जोडी बदला." तो 'गेला' मला खटकला. न बघताच कसा गेला? त्या एका शब्दापायी मी गाडी घेऊन नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीच्या सुट्या भागांसाठी पाय तिकडेच वळतात, आणि तिथल्या एका गल्लीत गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारे एक मेस्त्री बसतात.

त्यांनी आधी आईलाच विचारलं, "मावशी, एकदम बंद पडला, का मधूनमधून यायचा?" आईला आठवलं, दार उघडं ठेवून भाजीच्या पिशव्या घेत असताना तो एकदोनदा खरखरला होता. मेस्त्रींनी नुसती मान हलवली. मला वाटतं, निम्मं उत्तर त्यांना तिथेच मिळालं होतं. तरी त्यांनी एकही पायरी गाळली नाही.

बॅलन्स आणि फेडर फिरवून त्यांनी आवाज एकेका कोपऱ्यात नेला. तीन स्पीकर बोलले, चौथा गप्प. मग स्टिरिओ बाहेर ओढून पुढच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. दोष स्टिरिओत असता तर आता डावा बोलला असता आणि उजवा गप्प झाला असता. डावाच गप्प राहिला. म्हणजे बिघाड स्पीकरमध्ये, नाहीतर तिथवरच्या वाटेत.

स्क्रू काढून, क्लिपा सोडवून त्यांनी दाराचं पॅड उतरवलं. आतून ओल्या धुळीचा वास आला. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते निघून जायला तळाशी भोकं असतात. त्यातली दोन चिखलाने बुजलेली दिसली, ती मेस्त्रींनी कुणी न सांगता तारेनं मोकळी केली. मग साडेसहा इंची स्पीकर सोडवून मांडीवर घेतला आणि मीटर लावला. 3.6. "लिहिलेलं असतं 4 ओहम. मीटरवर जरा कमीच दिसतं. हा जिवंत आहे, ताई."

माझा चेहरा बघून त्यांनी खिशातून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला, दोन वायरींनी स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. टक. पडदा केसभर पुढे सरला आणि मागे आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला पडदा, वेटोळ्यातून वीज गेली की पडदा हलणार. 1925 साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडलेली रचना आजही आपल्या दारात तशीच बसलेली आहे. मेस्त्रींनी बोटं पसरून पडदा अलगद दाबला, कान जवळ नेला. "घासतही नाही."

मग ते बिजागरीपाशी आले. दार आणि गाडी यांच्यामध्ये रबराची एक नळी असते, सगळ्या वायरी तिच्यातून जातात. ती सरकवून त्यांनी एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. एक वायर रबरासारखी लांबली. वरून अखंड, आत तांबं तुटलेलं. "दार दिवसाला 10 वेळा उघडतं धरा. 9 वर्षांत 30 हजारांच्या वर. तेवढ्या वेळा ही इथेच वाकली." 30 हजार! आईने दार लावताना आम्ही कुणी ते मोजलं नव्हतं.

सोल्डरिंगला पाच मिनिटं लागली, गल्लीत राळेचा धूर दरवळला. जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी घेतला आणि नळीत वायरीचा नवा तुकडा जरा सैल सोडला. जोडावर बाही चढवताना ते म्हणाले, "बाकी सगळ्याचं निगेटिव्ह बॉडीला असतं, याचं नसतं. ही बॉडीला टेकली तर स्टिरिओ जाईल."

चारशे रुपये झाले. "नवा डबा हातात दिला की माणूस दोन हजार मोजतो," ते म्हणाले. "शोधायला तास गेला म्हटलं, की चारशेला कां-कू." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. वस्तू दिसते म्हणून तिची किंमत देतो, आणि बिघाड शोधणाऱ्याचा तास दिसत नाही म्हणून तो फुकट धरतो. त्या तासाला किंमत नसेल तर 'गेला' म्हणणारेच वाढतील, आणि असे जिवंत स्पीकर भंगारात पडतील.

पॅड बसवल्यावर त्यांनी आईला आत बसवलं, गाणं लावलं आणि दार उघडायला-लावायला सुरुवात केली. दर वेळी आई आतून म्हणायची, "येतंय." मी मोजत होते. दहाव्यांदा दार लावून ते थांबले.

"झाला एक दिवस," मेस्त्री म्हणाले, आणि हात पुसायला चिंधी घेतली.