पलंगपोसावरील शहर

लग्नाच्या रुखवतांत, सणाच्या खरेदींत आणि पाहुण्यांच्या सरबराईंत पलंगपोसाचें स्थान मोठें. पण तो निवडतांना रंग व पोत यांपलीकडे आपण सहसा पाहत नाहीं. अलीकडे चादरींवर आणि उशांच्या अभ्र्यांवर चित्रकारांनीं रेखाटलेले शहरांचे देखावेहि छापलेले आढळतात. अशी चादर घरांत आणतांना कोणता विवेक ठेवावा, हें सुज्ञ वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

या विचारास दातिवऱ्याकडचा मुलूख चांगला उपयोगी पडतो. वैतरणेच्या मुखाशीं वसलेल्या या गांवाच्या एका अंगास समुद्र आहे. दुसऱ्या अंगास सफाळें स्टेशन, जेथून २०१३ सालापासून विरार-डहाणू उपनगरी गाडी जाते. याच पालघर जिल्ह्यांत वारली चित्रकला नांदते. देशभरच्या बाजारांत चादरींवर जीं वर्तुळ-त्रिकोणांचीं माणसें नाचतांना दिसतात, तीं मूळचीं इकडचींच.

मात्र त्यांचें मूळ घर भिंत आहे. लग्नप्रसंगीं सुवासिनी गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढतात. त्याच्या मध्यभागीं पालघाट देवी असते. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनीं वारली चित्रकारांच्या हातीं कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनीं लग्नाचें निमित्त नसतांहि चित्रें काढून ही कला जगापुढें नेली; २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पुढें शेतें व तारपा-नृत्य यांच्या जोडीस आगगाडी, मोटारी आणि उंच इमारतीहि वारली चित्रांत आल्या.

येथेंच निवडीचा पहिला प्रश्न उभा राहतो. गणपतीचें चित्र छापलेला पलंगपोस आपण अंथरूं काय? देवाच्या चित्रास पाय लागला तर नमस्कार करणारीं आपलीं घरें. मग दुसऱ्याच्या देवीचा चौक पायाखालीं घालणें शोभत नाहीं. चौक भिंतीवरच राहूं द्यावा. शहराचा देखावा मात्र बिनदिक्कत अंथरावा. आगगाडीवर मूल लोळलें तर कोणाचा अवमान होत नाहीं.

दुसरी गोष्ट छपाईची. गडद चादरीवरील पांढरी रेघ दोन रीतींनीं उमटते. एकींत जाड पांढरा रंग वरून बसवितात. तो बोटास खरखरीत लागतो आणि धुतां धुतां त्याचे पोपडे निघूं शकतात. दुसरींत रसायनानें मूळ रंग काढून टाकतात. तेव्हां पांढरें दिसतें तें खुद्द कापड, आणि स्पर्श सर्वत्र मऊ राहतो. गृहिणींनीं दुकानांतच हात फिरवून पाहावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: चित्र कोणाचें? २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशन मिळालें. त्यानें कलेच्या नांवास संरक्षण मिळतें, पण कोण्या एका चित्रकाराच्या पदरीं आपोआप मोबदला पडत नाहीं. १९५७ च्या कायद्यानें चित्रकाराचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षें चालतो खरा. परंतु नोंदणीयोग्य असून न नोंदलेली आकृति हक्कदारानें अथवा त्याच्या परवानगीनें यंत्रावर पन्नासाहून अधिक वेळां वस्तूंवर उतरविली, तर तिच्यावरील हक्क संपतो. नोंदणी केल्यास १० वर्षें, आणि मुदत वाढविल्यास आणखी ५ वर्षें संरक्षण मिळतें. चादरी तर हजारांनीं निघतात. म्हणून चित्रकारानें कारखानदारास चित्र देण्यापूर्वींच नोंदणी करावी आणि करार लेखी करावा; त्यास हें समजावून सांगणें सुशिक्षितांचें काम आहे.

आणि ग्राहकाचें काम त्याहून सोपें आहे. आपण साडी घेतांना ती पैठणी कीं इरकली हें विचारतों. तसें चादर घेतांना चित्रकाराचें नांव विचारावें. शक्य तेथें नांव छापलेली, किंवा खुद्द चित्रकारांकडून वा त्यांच्या संस्थांकडून आलेली वस्तु घ्यावी, चार पैसे अधिक पडले तरी. दुकानदारास दहा गिऱ्हाइकांनीं नांव विचारलें, तर अकराव्यासाठीं तो तें शोधून ठेवील.