शाश्वत सेवा अभिकल्पाचे पदवी शिक्षण

शाश्वत प्रणाली व सेवा अभिकल्प ही अभिकल्प शिक्षणाची एक शाखा आहे. वस्तूच्या रूपापेक्षा ती ज्या व्यवस्थेत वापरली जाते त्या व्यवस्थेचा, म्हणजे माणसे, श्रम, ऊर्जा, पैसा व कचरा यांच्या परस्परसंबंधांचा विचार तिच्यात केला जातो. सर्व्हिस डिझाइन या नावाने हा विषय १९९१मध्ये जर्मनीतील कोलोन येथे अभिकल्प शिक्षणात आला.

मुंबईतील संदर्भ

मुंबईत अभिकल्पाचे उच्च शिक्षण मुख्यतः पवईशी जोडले जाते. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर तेथे १९६९मध्ये स्थापन झाले. पदवी अभ्यासक्रम मात्र २०१५मध्ये सुरू झाला. सांताक्रूझ (पश्चिम) येथील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात गृहविज्ञान महाविद्यालय आहे. गृहविज्ञान ही अभिकल्पाची शाखा नव्हे; तरीही घरातील वेळ, पैसा, पाणी व इंधन यांचे नियोजन हा तिचा जुना विषय असल्याने ती या अभ्यासाच्या बरीच जवळ येते.

अध्यापनातील उदाहरणे

मुंबईच्या डबेवाल्यांची १८९०मध्ये सुरू झालेली सेवा हे या विषयाचे ठळक उदाहरण होय. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०मध्ये तिच्यावर अध्ययन-प्रकरण तयार केले. झाकणावरील खुणा, सायकल, हातगाडी आणि लोकलचा मालडबा एवढ्या साधनांवर ती चालते. डबा रोज धुऊन पुन्हा वापरला जातो, त्यामुळे वेष्टनाचा कचरा होत नाही. अशा वर्णनांत बहुधा अचूकतेचेच कौतुक होते. मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या, कार्यालये बंद झाली आणि डबेवाल्यांचे उत्पन्नही थांबले. कमी ऊर्जेत चालणारी व्यवस्था एकाच वाहतुकीवर किती अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांना यातून तपासता येते.

दुसरे उदाहरण कचरा वर्गीकरणाचे. नवी कचराकुंडी रेखाटणे हा पदवी वर्गातील सोपा प्रकल्प. ती कोण रिकामी करणार, ओला कचरा कोठे जिरणार आणि सुका कचरा कोणाच्या मालकीचा, हे प्रश्न अवघड असतात. सुका कचरा थेट कंत्राटदाराकडे गेला, तर तो विकून पोट भरणाऱ्या कचरावेचक महिलांची मिळकत जाते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८मध्ये सुरू केलेल्या ‘परिसर विकास’ कार्यक्रमात अशा महिलांना संघटित करून वर्गीकरण, खतनिर्मिती व बायोगॅस संयंत्र चालवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले.

मर्यादा

सत्र संपले की विद्यार्थी निघून जातात. वस्तीत सुरू केलेली व्यवस्था चालवणारे मात्र तेथेच राहतात. त्यामुळे देखभालीचा खर्च व जबाबदारी कोणाची, हे प्रकल्पाच्या आरंभीच त्यांच्याशी बोलून ठरवावे लागते. केवळ अंतिम सादरीकरणावर गुण दिले, तर हा भाग मूल्यमापनातून सुटतो.