देवीच्या हुकमाने सुटलेली दारू
ग्राहकाचा नकार : लेखांक ७

मागच्या लेखांकात इंग्लंडमधला १७९१ चा साखर-बहिष्कार पाहिला. गुलामांच्या घामावर पिकलेली साखर नको म्हणून तिथल्या असंख्य घरांनी गोड चहा सोडला होता. त्यांच्या हाताशी छापील पत्रके होती आणि ती वाचणारा वर्ग होता. या आठवड्याची हकिगत सातपुड्याच्या पायथ्याची, जुन्या पश्चिम खानदेशातली आहे. ती घडवणाऱ्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात. पिवळसर, गरदार, गोड. झाडाखालची जमीन आधी झाडून ठेवायची, उजाडताच टोपली भरायची, मग फुले उन्हात वाळवायची. टंचाईच्या दिवसांत हीच फुले पोटाला आधार देत. ती भिजवून, आंबवून, मडक्यात ऊर्ध्वपातन केले की दारू होई. जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी यांपैकी कशालाही देवाला आणि पूर्वजांना तिची धार वाहिल्याशिवाय भिल्ल-कोकणा आदिवासींचा विधी पुरा होत नसे.

इंग्रज सरकारने या घरगुती व्यवहारात हात घातला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरली आणि परवान्याची दारू विकण्याचे मक्ते दिले गेले. १८९२ च्या मोहा कायद्याने इलाख्याच्या काही भागांत फुले साठवण्यावरही बंधने आली. स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू आता गुत्त्यावर पैसे मोजून घ्यावी लागे. पैसे नसले की उधारी होई. उधारी फिटली नाही की वेठबिगारी करावी लागे किंवा जमीन जाई. दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात तर दारूवाला, सावकार आणि जमीनमालक पुष्कळदा एकच असे.

१९२२ मध्ये या पट्ट्यात देवी आली. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ही लाट नाशिकचा डोंगराळ भाग, डांग, पश्चिम खानदेश आणि सुरत जिल्ह्यात पसरली. गावोगाव मांडवात माणसे जमत, कुणाच्या तरी अंगात सलाबाई नावाची ही देवी येई आणि हुकूम सुटत : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या धंद्यातल्यांकडे मजुरीला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे.

ज्या दारूची धार देवांना वाहायची ती माणसाने आपल्या मनाने सोडली असती, तर देवांचा कोप ओढवला असता. त्या ऋणातून सोडवायला देवीच हवी होती. म्हणून शिकलेल्या सुधारकांच्या भाषणांनी जे झाले नव्हते ते मांडवातल्या हुकमाने झाले. गुत्ते ओस पडले आणि अबकारीचे उत्पन्न घटले.

या बहिष्काराला काळी बाजूही होती. सुरत जिल्ह्यात गुत्ते मुख्यतः पारशांकडे होते. तिथे दुकानावरचा राग सबंध समाजावर वळला आणि पारशाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला. पुढे उत्साह ओसरला, गावे दुभंगली. नेम पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा पिऊ लागलेले ‘सरजेला’ असे दोन तट पडले.

तरीही खानदेशात ही ठिणगी विझली नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी ‘आप’ धर्म सांगितला. दर सोमवारी आरतीला हजारो भिल्ल जमत, ‘आप’ म्हणत एकमेकांना अभिवादन करत, दारू-मांस सोडत. १९३८ मध्ये महाराज वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. इतक्या माणसांच्या एकीची सरकारला धास्ती वाटली आणि रामदास महाराजांना हद्दपार करण्यात आले.

तिसरा टप्पा शहाद्याचा. तळोद्याप्रमाणे हाही तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने जमिनीचा आणि मजुरीचा लढा उभा राहिला, श्रमिक संघटना स्थापन झाली. १९७२ नंतर तिच्या शिबिरांत बायका बोलू लागल्या आणि दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांचा विषय पुढे आला. मग त्याच गटागटाने गावोगाव निघाल्या आणि दारूची मडकी फोडू लागल्या. या वेळी कुणाच्या अंगात आले नव्हते. हुकूम त्यांचा स्वतःचा होता.

पन्नास वर्षांतल्या या तिन्ही वेळा दारूबंदीचा प्रश्न कर्ज, मजुरी आणि मारहाण यांच्याशी जोडूनच पुढे आला. शहाद्यात तर बायकांनी घरातली मारहाण आणि शेतातली मजुरी एकाच शिबिरात मांडली, म्हणून मडके फोडण्याला संघटनेचे बळ मिळाले. आज महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर दारूचे दुकान बंद करता येते. १९२२ च्या मांडवात तोंडी सुटलेला हुकूम आता मतपत्रिकेवर उमटवता येतो. मात्र हातभट्टीचा धंदा या मतपत्रिकेच्या कक्षेबाहेरच राहतो आणि तिथे गावाला पोलिसांकडे किंवा उत्पादन शुल्क खात्याकडेच जावे लागते.

पुढील लेखांकात : वनस्पती तुपाला गांधीजींचा विरोध आणि १९४५ मध्ये स्थापन झालेली अमळनेरची वनस्पती कंपनी.