उमेदवाराचे ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही डहाणूला जाऊ’ असे म्हटले म्हणजे ऐकणारा मागे राहतो. ‘आपण डहाणूला जाऊ’ असे म्हटले म्हणजे तोही बरोबर निघतो. पहिल्याला श्रोतृवर्जक आणि दुसऱ्याला श्रोतृसमावेशक असे म्हणता येईल. गुजरातीत, तेलुगूत व तमिळमध्ये हा भेद आहे. हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वुई’ यांना तो ठाऊक नाही. हिंदीत बोलणाऱ्या पुढाऱ्याला ‘हम’ म्हणून संदिग्ध राहता येते; मराठी वक्त्याला मात्र प्रत्येक वाक्यात श्रोत्यास आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, याचा निर्णय करावाच लागतो. निवडणुकीच्या भाषणांचा अभ्यास करणाऱ्यास ही गोष्ट मोठी उपकारक आहे. सधन उमेदवार सामान्य मतदारांशी जे नाते सांगतो, त्याची व्याप्ती त्याच्या सर्वनामांवरून मोजता येते.

१. सर्वनाम आणि क्रियापद

मराठी श्रोत्यास परिचित असलेल्या भाषणाचा एक साचा घेऊ. त्यात प्रथम ‘आपण पिढ्यान्‌पिढ्या हाल सोसले’ असे वाक्य येते. पुढे ‘आम्ही तुमच्या गावाला रस्ता दिला’ असे येते. आणि शेवटी ‘तुम्ही आम्हांला मत द्या’ असे येते. ही वाक्ये नमुन्यादाखल रचलेली असली तरी त्यांचा क्रम अपवादात्मक नाही. दुःख सांगताना ‘आपण’, कर्तृत्व सांगताना ‘आम्ही’ आणि कर्तव्य सांगताना ‘तुम्ही’ अशी ही वाटणी आहे. सोसण्यात श्रोता भागीदार आहे. देण्यात तो नाही. रस्ता ज्याच्या श्रमाने व कराने झाला, तोच त्या वाक्यात घेणारा होऊन बसतो.

दुसरी गोष्ट अशी की, क्रिया जितकी मोघम, तितके ‘आपण’ व्यापक होते. ‘आपण साधी माणसे’ हे वाक्य कोणालाही उच्चारता येते. कोसबाडच्या परिसरात, डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर, जी कुटुंबे शेतीचा हंगाम संपल्यावर वीटभट्टीवर, बागायतीत किंवा मासेमारीच्या बोटीवर कामाला जातात, त्यांच्यासमोर सधन उमेदवार ‘आपण दिवाळीनंतर भट्टीवर जातो’ असे म्हणू शकत नाही. म्हटले तर सभेत हशा पिकेल. सर्वनाम तेच, केवळ क्रियापद नेमके झाले, आणि ‘आपण’ खोटे ठरले. यावरून एक साधी कसोटी हाती येते: वक्त्याच्या ‘आपण’ला रोजच्या व्यवहारातील एखादे नेमके क्रियापद जोडून पाहावे आणि वाक्य टिकते की नाही, ते तपासावे.

पोशाख, तारप्याच्या नाचात धरलेला फेर, झोपडीतील जेवण आणि भाषणाच्या आरंभी वारली बोलीत केलेली विचारपूस, ही सारी याच ‘आपण’ची अन्य रूपे होत. आरंभ बोलीत होऊन योजना, निधी व ठराव यांच्याकडे वळताच वक्ता प्रमाण मराठीत शिरत असेल, तर बोलीकडे जिव्हाळ्याचे काम दिलेले आहे आणि कारभाराचे काम तिच्या हाती दिलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

२. सलगीचा अधिकार कोणाचा?

रॉजर ब्राउन आणि ॲल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील ‘तू’ व ‘तुम्ही’ यांविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सत्ता आणि समभाव अशी दोन तत्त्वे मांडली. परक्यासारखे बोलणे सोडून सलगीने बोलू या, असे सुचविण्याचा अधिकार त्यांच्या मते वरच्याकडे असतो: धाकट्याहून थोरल्याने, गरिबाहून श्रीमंताने ते सुचविणे अधिक शोभते. सधन उमेदवाराचे ‘आपण’ याच प्रकारात मोडते. सलगी तो देतो; ती नाकारण्याची सोय सभेतील श्रोत्याला क्वचितच असते.

परंतु निवडणुकीत या नियमाला एक उलटी गाठ पडते. ‘उमेदवार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ आशा धरणारा, म्हणजे मागणारा. ज्याच्यापाशी सर्व काही आहे, तो त्या काही दिवसांपुरता मागणारा होतो, आणि ज्याच्यापाशी थोडे आहे, तो देणारा होतो. म्हणूनच या काळात ‘आपण’चा खरेखोटेपणा ठरविण्याचा अधिकार श्रोत्याकडे येतो. तो अधिकार वापरण्यास काय साधन आहे, हा पुढील प्रश्न.

३. दुसरा मजकूर

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवारास मालमत्ता, देणी, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. भाषाभ्यासाच्या दृष्टीने हे शपथपत्र म्हणजे त्याच माणसाचा दुसरा मजकूर होय. भाषणात ‘आपण’ असते. शपथपत्रात ‘मी’ असतो, आणि तेथे विशेषणांऐवजी आकडे लिहावे लागतात.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत घाटकोपर पूर्व मतदारसंघातील पराग शाह यांनी सुमारे ३,३८३ कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली. त्याआधी २०१९ मध्ये डहाणू मतदारसंघातील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी जाहीर केलेली मालमत्ता ५१,०८२ रुपये होती. अनुसूचित जमातींच्या उमेदवारास भरावी लागणारी ५,००० रुपयांची अनामत रक्कम या मालमत्तेच्या जवळजवळ एक दशांश होते. आणि त्या वर्षीची २८ लाख रुपयांची खर्चमर्यादा तिच्या सुमारे ५५ पट होती. निकोले ४,७०७ मतांनी निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. ‘आपण’ हे सर्वनाम या दोन्ही उमेदवारांना सारखेच मोकळे आहे. शपथपत्रातील ‘मी’ मात्र एक नाही.

डहाणूची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावयास हवी. जमातीने ‘आपला’ असणे तेथे कायद्यानेच ठरलेले असल्यामुळे स्पर्धा राहते ती राहणीने आणि कामाने ‘आपला’ असण्याची.

४. नाते कोण जोडतो?

तथापि गरिबी हाच प्रतिनिधित्वाचा पुरावा, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे होईल. त्याविरुद्धचा दाखला याच भागात आहे. गोदावरी परुळेकर या पुण्यातील एका नामांकित वकिलाच्या कन्या. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. पाड्यापाड्यांतून पायी हिंडून, वारल्यांच्या झोपड्यांत राहून त्यांनी हा लढा चालविला. लोक त्यांना गोदूताई म्हणू लागले. त्यांचे सहकारी व पती शामराव परुळेकर १९५७ मध्ये ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, ते या कामानंतर.

निवडणुकीशी संबंध नसलेला, पण तुलनेस उपयुक्त असा दुसरा दाखला कोसबाडचाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर आणले. मुले शाळेत येत ना, कारण त्यांना गुरे राखावी लागत आणि धाकटी भावंडे सांभाळावी लागत. तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात गेली. ‘आपण शिकू’ या वाक्यातील ‘आपण’ तेथे जागा बदलून खरे करण्यात आले.

या दोन्ही उदाहरणांत ‘ताई’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो बोलणाऱ्याने स्वतःस लावलेला नाही. ऐकणाऱ्यांनी दिलेला आहे. ब्राउन-गिलमन यांच्या नियमाप्रमाणे सलगी वरून खाली येते. येथे ती खालून वर गेली, आणि तीही कामानंतर. फलकावर स्वतःच स्वतःला ‘आपला माणूस’ म्हणवून घेणाऱ्याचे नाते आणि लोकांनी ‘आपली’ म्हटलेल्याचे नाते यांत हा फरक आहे.

तेव्हा सधन उमेदवाराने ‘आपण’ म्हणू नये, असे नव्हे. त्याने त्या सर्वनामाबरोबर कोणते क्रियापद घेतले, श्रेयाच्या वाक्यात ते टिकविले की ‘आम्ही’कडे वळविले, आणि निवडणूक संपल्यावर श्रोत्यांनी त्याला कोणत्या नावाने हाक मारली, एवढे पाहिले म्हणजे पुरे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर भाषणात सापडत नाही. ते पाड्यावर सापडते.