सहलीच्या जहाजांवरील चाकरी

सहलीच्या जहाजाचें चित्र वर्तमानपत्रांत पाहिलें म्हणजे पांढरेशुभ्र मजले, निळ्या पाण्याचे तलाव आणि आरामखुर्च्यांवर पहुडलेले प्रवासी एवढेंच दृष्टीस पडतें. हीं जहाजें माणसांना एका देशांतून दुसऱ्या देशांत पोंचविण्यासाठीं बांधलेलीं नसतात. आठ-दहा दिवस समुद्रावर आनंदांत घालवून प्रवाशानें पुष्कळदां निघाल्या बंदरींच परत यावें, एवढाच त्यांचा हेतु. हा आनंद ज्यांच्या श्रमांवर उभा असतो तीं माणसें चित्रांत क्वचितच येतात. आणि त्यांची संख्या तर थोडी नसते. २०२४ च्या जानेवारींत 'आयकॉन ऑफ दि सीज' नांवाचें जहाज अमेरिकेंतील मायामी बंदरांतून पहिल्या सफरीस निघालें. फिनलंडमधील तुर्कू येथें बांधलेलें हें जहाज सुमारें ३६५ मीटर लांब आहे. एका खोलींत दोघे या हिशेबानें त्यावर ५,६१० प्रवासी राहतात, आणि त्यांच्या सेवेस २,३५० नोकर असतात. दर पांच प्रवाशांमागें जवळजवळ दोन नोकर असें हें प्रमाण पडतें.

मुंबई, गोवा, रत्नागिरी या बाजूच्या पुष्कळ घरांना हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. हॉटेल-व्यवस्थेचा अभ्यासक्रम पुरा केलेला मुलगा किंवा मुलगी जहाजावर नोकरीस निघाली म्हणजे शेजारीपाजारीं पहिला प्रश्न होतो तो "महिन्याला किती डॉलर?" हा. उत्तरादाखल जो आंकडा सांगण्यांत येतो तो बहुधा खोटा नसतो. परंतु तो एकटा असतो. वेतन किती तासांच्या कामाचें, वर्षांतील किती महिन्यांचें, आणि तंटा पडल्यास तो कोणत्या देशाच्या कायद्यानें तुटावयाचा, या तीन गोष्टी त्या आंकड्याशेजारीं मांडल्यावांचून त्याची खरी किंमत कळत नाहीं.

जहाजावरील नोकरांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला नौकानयनाचा. त्यांत कप्तान, त्याचे अधिकारी, डेकवरील खलाशी आणि यंत्रशाळेंतील इंजिनियर व कामगार येतात. दुसरा करमणुकीचा, त्यांत गायक, वादक, नर्तक इत्यादि मोडतात. तिसरा आणि सर्वांत मोठा वर्ग हॉटेल-खात्याचा. खोल्या झाडणारे, आचारी, वाढपी, भांडीं घासणारे, धोबी, बारवर पेयें देणारे, हिशेब ठेवणारे असे निम्म्याहून कितीतरी अधिक नोकर या एकाच खात्यांत असतात, आणि त्यांत फिलिपाइन्स, भारत व इंडोनेशिया या देशांतील माणसांचा भरणा विशेष. जहाजावरील दुकानें व सौंदर्यगृहें पुष्कळदां कंपनी स्वतः चालवीत नाहीं. तीं ठेक्यानें दिलेलीं असतात. तेथील नोकराची कमाई मुख्यतः विक्रीवरील दलालीवर अवलंबून राहते. एकाच जहाजावर, एकाच मजल्याखालीं झोंपणाऱ्या माणसांची मिळकत अशा रीतीनें निरनिराळ्या नियमांनीं ठरते.

भारतीयांचा या चाकरीशीं संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत 'पी. अँड ओ.' या इंग्रज कंपनीच्या आगबोटींवर डेकच्या कामास पश्चिम किनाऱ्यावरील खलाशी आणि भोजनगृहाच्या कामास गोव्याचे ख्रिस्ती नोकर घेण्याची वहिवाट पडली. जहाजाची वाट पाहणाऱ्या गोवेकरांसाठीं मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास 'कूड' नांवाचीं वसतिगृहें निघालीं. एकेका गांवाचें एकेक वसतिगृह असे, आणि गांवच्या माणसास तेथें अल्प खर्चांत उतरावयास जागा मिळे. एकाच जहाजावर गोऱ्या खलाशाचा करारनामा वेगळा, आशियाई खलाशाचा वेगळा, आणि दुसऱ्याचें वेतन पहिल्याहून पुष्कळ कमी, अशी त्या काळची रीत होती. २००३ सालीं या कंपनीचीं सहलीचीं जहाजें कार्निव्हल या अमेरिकन कंपनीच्या व्यवहारांत सामील झालीं. मालक बदलले व प्रवासीहि बदलले. जेथें मजुरी स्वस्त तेथून माणूस घ्यावा, हें धोरण मात्र राहिलें.

आतां कामाच्या तासांकडे वळावें. खोल्या झाडणाऱ्या नोकराचा दिवस प्रवाशांच्या दिनक्रमाला बांधलेला असतो. प्रवासी न्याहारीस उठून गेले कीं त्यानें खोल्या साफ करावयाच्या, आणि ते रात्रीच्या जेवणास गेले कीं पुन्हा त्याच खोल्यांत जाऊन अंथरुणें नीट करावयाचीं. वाढप्याचें काम सकाळ, दुपार व रात्र असें तीन तुकड्यांत विभागलेलें असतें. मधल्या वेळांत आग व बुडण्याच्या संकटाची कवाइत असते. कारण जहाजावरील वाढपी हा संकटसमयीं प्रवाशांना नौकेंत बसविणाराहि असतो. सफर संपून नवी सुरू होण्याचा दिवस सर्वांत कठीण. सकाळीं हजारों प्रवासी उतरतात, दुपारपासून तितकेच चढूं लागतात, आणि मधल्या थोड्या तासांत प्रत्येक खोली नव्यासारखी दिसावी लागते. दररोज सुमारें दहा तास आणि आठवड्याचे सातहि दिवस काम, हा या खात्यांतील सामान्य क्रम आहे. समुद्रावर रविवार नसतो.

या कष्टांना मर्यादा घालण्यासाठीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम-संघटनेनें २००६ सालीं नाविक-श्रमाचा एक मोठा करार संमत केला. तो २० ऑगस्ट २०१३ रोजीं अंमलांत आला, आणि २०१५ सालीं भारतानेंहि तो मान्य केला. कामाच्या तासांविषयीं त्यांत दोन पद्धति सांगितल्या आहेत. एक तर चोवीस तासांत १४ तासांहून व सात दिवसांत ७२ तासांहून अधिक काम घेऊं नये. किंवा चोवीस तासांत निदान १० तास व सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांति द्यावी. यांपैकीं कोणती पत्करावी हें प्रत्येक राष्ट्राच्या इच्छेवर आहे. वरवर पाहतां दोन्ही सारख्याच वाटतात. पण सात दिवसांचे १६८ तास होतात, त्यांतून ७७ वजा केले तर ९१ उरतात. म्हणजे दुसऱ्या पद्धतींत आठवड्यास ९१ तासांचें काम नियमांत बसूं शकतें! विश्रांतीचे दोनच तुकडे पाडावे व त्यांतील एक निदान सहा तासांचा असावा, असेंहि बंधन आहे. राहण्याच्या जागेविषयींचा नियम असा कीं, प्रवासी जहाजावर दोन सामान्य नोकरांच्या खोलीचें क्षेत्रफळ निदान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारें ऐशीं चौरस फूट, असावें. एवढ्या जागेंत एकावर एक दोन बिछाने, कपाट आणि दोन माणसांचा सात-आठ महिन्यांचा संसार मावावा लागतो.

वेतनाचा हिशेब याच तासांशीं घालून पाहिला पाहिजे. श्रम-संघटनेच्या समितीनें कसलेल्या खलाशासाठीं किमान मूळ वेतन २०२५ सालापुरतें दरमहा ६७३ डॉलर ठरविलें होतें. हा आंकडा शिफारशीचा आहे, आणि तो डेकवरील खलाशासाठीं आहे. वाढपी किंवा झाडूवाला यांना तो आपोआप लागू पडत नाहीं. त्यांच्या मिळकतींत बक्षिसीचा भाग मोठा असतो. पूर्वीं सफरीच्या अखेरच्या रात्रीं प्रवासी पाकिटांत पैसे घालून नोकराच्या हातीं देत. आतां अनेक कंपन्या माणशीं दररोज सुमारें १६ ते २० डॉलर प्रवाशाच्या बिलांतच धरतात व ती रक्कम नोकरांत वांटतात. ही व्यवस्था नोकराला उत्पन्नाची शाश्वती देते खरी; परंतु मालकानें द्यावयाच्या वेतनाचा कांहीं भार ती प्रवाशाच्या खिशावर टाकते. शिवाय बहुतेक ठिकाणीं प्रवाशास कचेरींत जाऊन ही रक्कम कमी करवून घेतां येते, आणि त्याची झळ नोकराला लागते.

एक उदाहरण घेऊं. समजा, बक्षिसी धरून एका तरुणास दरमहा १,२०० डॉलर मिळतात. रोज दहा तास व महिन्याचे तीस दिवस धरले तर ३०० तास होतात, आणि तासाला चार डॉलर पडतात. करार आठ महिन्यांचा असून पुढें दोन महिने तो घरीं बसला, तर त्या दोन महिन्यांचें वेगळें वेतन त्याला सहसा नसतें. नियमानें देय असलेली रजा बहुधा मासिक आंकड्यांतच मिळविलेली असते. तेव्हां ९,६०० डॉलर दहा महिन्यांवर पसरले म्हणजे दरमहा ९६० झाले. दुसऱ्या बाजूस हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, जहाजावर जेवण, बिछाना व औषधपाणी यांचा खर्च त्याला पडत नाहीं, आणि खर्च करण्यास सवडहि फारशी नसते. त्यामुळें शिल्लक राहते ती किनाऱ्यावर तेवढ्याच वेतनांत राहिली नसती. गोव्यांतील कितीतरी घरें, कितीतरी मुलांचीं शिक्षणें आणि बहिणींचीं लग्नें या शिलकेंतूनच झालेलीं आहेत. ही चाकरी नुसती पिळवणूक असती तर पिढ्यान् पिढ्या माणसें तिकडे गेलीं नसतीं.

तिसरा प्रश्न कायद्याचा. समुद्रावरील जहाजाला ज्या राष्ट्राचें निशाण, त्याच राष्ट्राचा कायदा मुख्यतः लागू असतो. अमेरिकेंत दारूबंदी असतां १९२२ सालीं 'रिलायन्स' व 'रेझोल्यूट' हीं दोन अमेरिकन प्रवासी जहाजें पनामाच्या निशाणाखालीं नेण्यांत आलीं. कारण त्या निशाणाखालीं प्रवाशांना मद्य देतां येत असे. पुढें हीच युक्ति कर व मजुरी यांच्या बाबतींतहि सोयीची ठरली. आज अमेरिकन प्रवाशांनीं भरलेलीं पुष्कळ जहाजें बहामा किंवा पनामा येथें नोंदलेलीं आहेत. अमेरिकेंत तासाला सव्वासात डॉलरचें किमान वेतन २००९ पासून चालू आहे, परंतु परदेशी निशाणाच्या जहाजावरील नाविकांस तो कायदा लागू नाहीं. उलट, हवाई बेटांभोंवतीं २००५ पासून फिरणारें 'प्राइड ऑफ अमेरिका' हें जहाज अमेरिकेच्या निशाणाखालीं आहे, म्हणून त्यावरील नोकर मुख्यतः अमेरिकन असून त्यांना अमेरिकन कायद्याचें संरक्षण आहे. समुद्र तोच आणि कामहि तेंच, फरक निशाणाचा.

निशाणापाठोपाठ करारनाम्यांतील अटी येतात. २५ मे २००३ रोजीं मायामी बंदरांत 'नॉर्वे' या जहाजाच्या बाष्पपात्राचा स्फोट होऊन आठ नोकर मृत्यु पावले. जखमी झालेल्या व मेलेल्या फिलिपिनो नोकरांच्या वतीनें अमेरिकन न्यायालयांत दावे लावण्यांत आले. परंतु २००५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, करारांतील अटीप्रमाणें हा वाद फिलिपाइन्समध्यें लवादापुढें गेला पाहिजे. स्फोट अमेरिकेच्या बंदरांत झाला, तरी नुकसानभरपाईचें ठिकाण सही करतांनाच ठरून गेलेलें होतें.

संकटकाळीं या चाकरीचें स्वरूप किती उघडें पडतें हें २०२० सालीं जगाला दिसलें. फेब्रुवारींत जपानच्या योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' हें जहाज साथीमुळें अडकून पडलें. त्यावर ३,७११ माणसें होतीं व त्यांपैकीं १,०४५ नोकर होते. प्रवाशांना खोल्यांत बसून राहण्याची आज्ञा झाली. नोकरांनीं मात्र दारोदार जेवण पोंचवावें लागलें, आणि रात्रीं दोघांच्या खोलींतच निजावें लागलें. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतील १३२ नोकर. पुढें जगभर हजारों जहाजी नोकर कित्येक महिने घरीं परतूं शकले नाहींत. एप्रिलमध्यें 'मारेला डिस्कव्हरी' जहाजावरील भारतीय नोकर मुंबईसमोर येऊनहि परवानगीची वाट पाहत समुद्रांतच थांबले होते.

अशा स्थितींत घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलाला जाऊं नको म्हणावें काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु सहीपूर्वीं कांहीं गोष्टी पाहणें त्यांचें कर्तव्य आहे. नोकरी देणाऱ्या दलालापाशीं जहाजवाहतुकीच्या महासंचालकांचा परवाना आहे काय, हें पाहावें. त्यांची कचेरी मुंबईंतच आहे. नोकरी मिळवून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणें त्या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध आहे. पासपोर्ट, नाविकाचें पुस्तक व वैद्यकीय दाखला यांचा खर्च उमेदवारानें सोसावा, पण व्हिसाचा खर्च मालकानेंच द्यावयाचा असतो. मागितलेली रक्कम 'सेवाखर्च' या नांवाखालीं असली तरी ती देऊं नये. करारनामा वाचण्यास पुरता वेळ मागून घ्यावा व सही झालेली प्रत घरीं ठेवावी. त्यांत हमीचें वेतन किती व बक्षिसी किती, कामाचे तास किती, परतीचें तिकीट कोणाचें, आणि वाद कोठें चालावयाचा, एवढें तरी तपासावें. जहाजावर भविष्यनिर्वाहनिधि क्वचितच असतो. तेव्हां पहिल्या करारापासूनच कांहीं रक्कम म्हातारपणासाठीं वेगळी काढण्याची संवय लावावी. तारुण्यांतले आठ-दहा करार भराभर संपतात, आणि पुढील वैद्यकीय तपासणींत शरीर नापास झालें म्हणजे डॉलर एका दिवसांत थांबतात.

प्रवासी म्हणून जाणाऱ्यांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बिलांतील बक्षिसीची रक्कम ही त्या नोकराच्या पगाराचाच भाग होय. ती कमी करवून घेणें म्हणजे ज्यानें रोज दोनदां खोली आवरली त्याचा पगार कापणें होय. आणि ज्या घरांतील मूल त्या जहाजावर नोकरीस जात असेल, त्या घरानें "महिन्याला किती?" याबरोबर "किती तासांचे, किती महिन्यांचे, आणि कोणत्या निशाणाखालीं?" हेंहि विचारून घ्यावें. या प्रश्नांचीं उत्तरें करारनाम्यांत लिहिलेलीं मिळतात. मात्र तीं सही करण्यापूर्वीं शोधावीं लागतात.